थ्रेड : 'फुकटचे आहे, गोड मानून घ्या' या तत्त्वाचा इतिहास

१/ वृद्धाश्रमातील जेवणाविषयी कुणी तक्रार केली की एक वाक्य हमखास ऐकू येते : 'फुकट मिळते आहे ना, मग गोड मानून घ्यावे.' वाक्य संस्कारी वाटते. परंतु हा विचार एकेकाळी एका राज्याचे लिखित धोरण होता आणि त्याचे परिणाम कागदोपत्री नोंदलेले आहेत. ते वाचल्यावर हे वाक्य पुन्हा उच्चारणे कठीण जाईल.

२/ इंग्लंड, १८३४. नवा गरीब-कायदा संमत झाला. त्याचा पाया असा : सरकारी आश्रयाला आलेल्याची स्थिती बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही कमी हवीशी असली पाहिजे. उद्देश हा, की माणसाने वर्कहाऊसच्या दारातूनच परत फिरावे. गणवेश, पतिपत्नींची ताटातूट ही त्याची साधने होतीच. पण रोज, प्रत्येक जेवणाला वापरता येणारे साधन एकच होते : ताट.

३/ आयुक्तांनी आहाराचे ६ नमुना-तक्ते काढले. पाव, पातळ पेज, चीज, बटाटे, क्वचित मांस. वृद्धांसाठी एक टीप होती : साठीच्या पुढच्यांना, योग्य वाटल्यास, सकाळच्या पेजेऐवजी आठवड्याला १ औंस चहा, ५ औंस लोणी व ७ औंस साखर द्यावी. १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. 'योग्य वाटल्यास' हे शब्द पुन्हा वाचा. कुणाला वाटल्यास? खाणाऱ्याला नव्हे.

४/ १८४५, हॅम्पशायरमधील अँडोव्हर. येथील वर्कहाऊसमध्ये आश्रितांना खतासाठी हाडे भरडण्याचे काम होते. भुकेने व्याकूळ झालेली ही माणसे त्या कुजक्या हाडांना चिकटलेले मांस आणि आतला मगज खात असल्याचे उघडकीस आले. हाडांवरून भांडणे होत. 'टाइम्स'ने प्रकरण लावून धरले, थॉमस वॅकली यांनी ते संसदेत मांडले, १८४६ मध्ये संसदीय समितीने चौकशी केली.

५/ लोकप्रिय इतिहासात ही कथा मॅकडूगल नावाच्या दुष्ट व्यवस्थापकाची म्हणून सांगितली जाते. तो शिधा चोरत होता, हे खरे. पण अँडोव्हरच्या पालक-मंडळाने सर्वांत तुटपुंज्या तक्त्यांपैकी एक निवडला होता, तो कुणाच्या आदेशाने? ताट जितके हलके तितका कारभार यशस्वी, असे मोजमाप ठरले की चोर आणि काटकसरी कारभारी यांच्यातला फरक दिसायचा कसा? मॅकडूगल गेला, निरीक्षक पार्कर यांना राजीनामा द्यावा लागला, १८४७ मध्ये आयोगही बरखास्त झाला. तत्त्व मात्र राहिले.

६/ हे तत्त्व आपल्याकडेही येऊन गेले. १८७३-७४ च्या बिहारमधील टंचाईत रिचर्ड टेंपल यांनी सढळ हाताने मदत केली. त्यावर उधळपट्टीची टीका झाली. १८७७ च्या दुष्काळात तेच टेंपल काटकसरीचे दूत बनून आले आणि दुष्काळी कामांवरील पुरुषाच्या मजुरीतील धान्याचा हिशेब दिवसाला १ पौंडावर, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅमवर आणला. मद्रासचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी वैद्यकीय आधारावर विरोध केला. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. त्या उपाशी माणसांनी 'गोड मानून' घेतले नाही.

७/ आता एक विचित्र गोष्ट. त्याच वर्कहाऊसच्या नियमावलीत आहाराचा तक्ता ठळक ठिकाणी टांगण्याची सक्ती होती. शिवाय कोणताही आश्रित आपल्या वाट्याचे अन्न स्वतःसमोर आणि दोन साक्षीदारांसमोर तोलून मागू शकत असे. व्यवहारात त्या भयाण जागी हा हक्क किती जणांनी बजावला असेल, याची कल्पना करा. तरी तो लिहिलेला होता.

८/ आपल्याकडे काय आहे? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम १९ म्हणते, राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम स्थापन करू शकेल. 'करू शकेल', 'करील' नव्हे. सेवांचा दर्जा ठरवण्याबाबत त्याच कलमात वैद्यकीय उपचार आणि करमणूक यांचा उल्लेख आहे; अन्नाचा नाही. ते नियमांवर सोडले आहे. 'योग्य वाटल्यास'चे हे दूरचे भावंड.

९/ कायद्याने सोडलेली जागा आपण अन्नदानाने भरतो. वाढदिवसाला श्रीखंड-पुरी, फोटो, पुण्य. देणाऱ्याच्या भावनेवर माझा आक्षेप नाही. पण मधुमेह असलेल्या, दात नसलेल्या माणसाच्या पानात काय पडावे हे देणाऱ्याच्या हौसेवर ठरत असेल, तर खाणारा पुन्हा एकदा बिनआवाजी आश्रितच ठरतो. उतारवयात भूक मंदावते, तरी स्नायू टिकवण्यासाठी प्रथिनांची गरज कमी होत नाही. ती गरज वर्षातल्या एका पंगतीने भागत नाही.

१०/ म्हणून पुढच्या वेळी वृद्धाश्रमात जाल तेव्हा मिठाईसोबत चार प्रश्न न्या. आठवड्याचा आहार-तक्ता भिंतीवर आहे का? रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता यांत किती तास जातात? ज्यांना हाताने खाता येत नाही त्यांना कोण भरवते? आणि जेवण आवडले नाही, हे सांगणाऱ्याचे पुढे काय होते?

११/ अँडोव्हरच्या भिंतीवरही तक्ता असणारच. तक्ता आणि ताट यांच्यातले अंतर शेवटी उघड झाले, ते बाहेरच्या कुणीतरी आत जाऊन विचारले म्हणून. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत तिथून निघू नका.