वयाची अट आणि बाईचं वय

कलेला लिंग नसतं, गुणवत्तेला जात-धर्म-वय काही नसतं, असं आपल्याला नेहमी ऐकवलं जातं. बायकांनी प्रतिनिधित्वाचा प्रश्न काढला की हे वाक्य हमखास पुढे येतं. ठीक आहे. मग ज्या पारितोषिकाने चाळीस वर्षं कलेच्या जगात गुणवत्तेचा शिक्का मारला, त्याचा हिशेबच मांडून पाहू या.

ब्रिटनमधलं समकालीन कलेचं सर्वांत गाजलेलं पारितोषिक म्हणजे टर्नर पारितोषिक. लंडनच्या टेट गॅलरीच्या आश्रयदात्यांनी ते १९८४ साली सुरू केलं. १९९० साली पैसे देणारी कंपनी बुडाली म्हणून खंड पडला. ते वर्ष सोडलं तर २००९ पर्यंत ते २५ वेळा दिलं गेलं. या २५ पैकी बायकांच्या वाट्याला आलं तीन वेळा. १९९३ साली रेचल व्हाइटरीड, १९९७ साली जिलियन वेअरिंग आणि २००६ साली टोमा आब्ट्स. बाकी २२ वेळा गुणवत्तेला लिंग होतं आणि ते पुरुषाचं होतं.

पहिल्या बाईचं स्वागत कसं झालं तेही पाहण्यासारखं आहे. व्हाइटरीडने पूर्व लंडनमधल्या, पाडायला काढलेल्या एका घराच्या आत काँक्रीट ओतलं, बाहेरच्या भिंती उतरवल्या आणि घराच्या आतली पोकळी रस्त्यावर उभी केली. ज्या दिवशी तिला पारितोषिक जाहीर झालं, त्याच दिवशी तिथल्या स्थानिक परिषदेने हे शिल्प पाडायचा निर्णय घेतला. शिवाय त्याच दिवशी पॉप संगीतातल्या दोन पुरुषांनी तिला 'सर्वांत वाईट कलावंत' ठरवून ४० हजार पौंड देऊ केले. खऱ्या पारितोषिकाच्या दुप्पट! तिने ते पैसे गरजू कलावंतांना आणि बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिले. जानेवारी १९९४ मध्ये शिल्प जमीनदोस्त झालं.

१९९६ साली अंतिम यादीतले चारही जण पुरुष होते. १९९७ साली चारही जणी बायका होत्या. पुरुषांची यादी ही नुसती यादी असते. बायकांची यादी मात्र 'फक्त बायकांची यादी' होते, आणि तिच्यामागे काही राजकारण असणार अशी शंका घ्यायला सगळे मोकळे होतात.

पण मला मुख्यतः बोलायचं आहे ते एका अटीबद्दल. १९९१ साली हे पारितोषिक नव्याने सुरू झालं. चॅनल फोर या दूरचित्रवाहिनीचा पैसा आला, रक्कम वाढून २० हजार पौंड झाली, आणि एक नियम आला : कलावंत पन्नाशीच्या आतला हवा. त्या वर्षी ते मिळालं मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांना, वयाच्या ३७ व्या वर्षी. त्यांच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार नियमाबद्दल आहे.

हा नियम वरवर किती निष्पक्ष दिसतो! पन्नास म्हणजे पन्नास, बाईला आणि पुरुषाला सारखेच. पण पंचविशी ते पन्नाशी ही वर्षं दोघांना सारखी मिळतात का? पुरुषाच्या आयुष्यात ती नाव कमावण्याची वर्षं असतात. बाईच्या आयुष्यात त्याच वर्षांत बाळंतपणं, मुलांच्या शाळा, सासू-सासऱ्यांची आजारपणं आणि नवऱ्याच्या बदल्या बसवाव्या लागतात. विलायतेतही पाळणा आपोआप हलत नाही. ज्या शर्यतीत एकीच्या पाठीवर घर बांधलेलं आहे, तिथे दोघांसाठी एकच घड्याळ लावणं हा न्याय नव्हे.

यावर उत्तर मिळतं की पारितोषिक उमेदीच्या कलावंतांसाठी आहे, ते काही जन्मभराच्या कामगिरीचा सत्कार नाही. मान्य. पण उमेद म्हणजे तरुण वय, हे कुणी ठरवलं? जी बाई चाळिशीत पहिल्यांदा ब्रश हातात घेते ती पंचेचाळिशीत उमेदवारच असते. कामाची वर्षं मोजायची सोडून जन्मतारीख मोजायची ही पद्धत पुरुषाच्या आयुष्याच्या मापाने शिवलेली आहे.

आणि प्रश्न केवळ उशिरा सुरुवात करणाऱ्यांचा नाही. ज्यांनी वेळेवर सुरुवात केली त्यांचं काय झालं? १९८५ साली लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये लुबैना हिमिद या चित्रकर्तीने ११ कृष्णवर्णीय आणि आशियाई स्त्री कलावंतांचं प्रदर्शन मांडलं. त्यांत शांतिनिकेतनात जन्मलेली सुतपा बिस्वासही होती. एवढ्या मोठ्या संस्थेत या अकरा जणींना जागा मिळाली ती येण्याजाण्याच्या बोळात! आपल्याकडे लग्नघरात कामाच्या बायकांची पंगत मागच्या पडवीत बसते, तसंच हे.

त्या बोळातल्या चौघींची नावं पुढे टर्नरच्या यादीत आली. पण कधी? २०१७ साली आयोजकांनी वयाची अट काढून टाकली, कलावंताला कोणत्याही वयात नवं गवसू शकतं असं मान्य केलं, त्यानंतर. त्याच वर्षी हिमिदला पारितोषिक मिळालं, वय ६३. ते मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. २०२२ साली इन्ग्रिड पोलार्ड अंतिम यादीत आली आणि व्हेरोनिका रायन विजेती ठरली, वय ६६. तिने लंडनमधल्या हॅकनीत कॅरिबियन स्थलांतरितांच्या सन्मानार्थ सीताफळ आणि नीरफणस अशी फळं ब्राँझ आणि संगमरवरात घडवून रस्त्यावर ठेवली आहेत. २०२४ साली क्लॉडेट जॉन्सन यादीत आली, तीही साठी ओलांडल्यावर.

या चौघी १९९१ साली तिशी-चाळिशीत होत्या. म्हणजे नियमाप्रमाणे त्या पात्र होत्या, आणि काम करत होत्या. तेव्हा यादीने त्यांना विचारलं नाही. नंतर त्यांची पन्नाशी उलटली आणि नियमाने दार लावून घेतलं. तरुण होत्या तेव्हा दिसल्या नाहीत, दिसू लागल्या तेव्हा तरुण राहिल्या नव्हत्या. भेदभाव आधी उशीर करतो आणि मग नियम त्या उशिराची शिक्षा बाईलाच देतो. अट काढल्याबरोबर या बायका एकदम हुशार झाल्या का? त्यांचे हात तेच होते. बदलली ती अट.

२०२५ साली हे पारितोषिक नेना कालू या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्त्रीला मिळालं. तिचा जन्म १९६६ चा. जुन्या नियमाने तिचाही अर्ज बाद झाला असता. मग १९९१ ते २०१६ या काळात अशा किती जणी बाद झाल्या असतील, त्यांचा हिशेब कोण देणार?

मैत्रिणींनो, हे सगळं साता समुद्रापलीकडचं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून दिला जातो, वयोमर्यादा ३५. तरुणांना प्रोत्साहन मिळावं याला कोण नाही म्हणेल? पण पस्तिशीनंतर पहिलं पुस्तक लिहिणाऱ्या बाईला प्रोत्साहन कुणी द्यायचं? आमच्या शिबिरांत चाळिशीच्या बायका पहिल्यांदा कविता वाचतात, पहिल्यांदा चित्र काढतात, आणि लगेच म्हणतात, "आता काय, वय झालं." हे वाक्य त्यांना घराने शिकवलं. पुरस्कारांच्या नियमावल्या त्यावर सही करतात.

म्हणून आपली मागणी साधी आहे. जिथे जिथे पुरस्कार, शिष्यवृत्ती, फेलोशिप नवोदितांसाठी आहे, तिथे वय न मोजता पहिल्या कामापासूनची वर्षं मोजा. बाळंतपण आणि शुश्रूषेत गेलेली वर्षं त्यातून वजा करा. आणि दरवर्षी अर्ज किती बायकांचे आले, यादीत किती आल्या, निवड किती जणींची झाली, हे आकडे जाहीर करा. आकडे लपवायचे आणि वर गुणवत्तेच्या गप्पा मारायच्या, हे आता चालणार नाही. आपल्या गावातल्या, जिल्ह्यातल्या पुरस्कार समित्यांना हे तीन प्रश्न पत्राने विचारायला याच महिन्यापासून सुरुवात करू या.