विश्लेषण : ‘जेन झी’साठी वेगळं मॅनेजमेंट खरंच हवं का?

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, असं मत मांडलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं वक्तव्य गाजलं. दोन्ही वेळा वाद रंगला तो ‘जुनी पिढी विरुद्ध नवी पिढी’ असा. कंपन्यांमध्येही पिढी पाहून व्यवस्थापन करण्याची चर्चा आहे. पण या कल्पनेला आधार किती?

पिढीनुसार व्यवस्थापन म्हणजे काय?

कर्मचाऱ्यांचे जन्मसालावरून गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला वेगळ्या पद्धतीने हाताळायचं, ही मूळ कल्पना. प्रचलित वर्गवारीनुसार १९८१ ते १९९६ दरम्यान जन्मलेले ‘मिलेनियल’, तर १९९७ ते २०१२ मधले ‘जेन झी’. मग ‘जेन झीला सतत फीडबॅक लागतो’, ‘जुन्यांना शिस्त लागते’ असे ठोकताळे बांधले जातात.

ही वर्गवारी आली कुठून?

अमेरिकेतून. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जन्मदर वाढला, त्या काळात जन्मलेल्यांना ‘बेबी बूमर’ म्हटलं गेलं. भारतातली वळणं वेगळी आहेत : १९९१ चं उदारीकरण, २०१६ नंतर स्वस्त झालेला मोबाइल डेटा. शिवाय हिंजवडीतली २५ वर्षांची इंजिनीअर आणि चाकणच्या कारखान्यातला त्याच वयाचा कंत्राटी कामगार, दोघंही ‘जेन झी’च. दोघांच्या गरजा मात्र एकसारख्या नाहीत.

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने २०२० मध्ये याच प्रश्नावर अहवाल दिला. मनुष्यबळ व्यवस्थापनासाठी पिढ्यांची वर्गवारी वापरण्याला संशोधनाचा भक्कम आधार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. अडचण अशी की तीन गोष्टींची सरमिसळ होते : वय, काळ आणि पिढी. पंचविशीतला कर्मचारी लवकर नोकरी बदलतो, तो ‘जेन झी’ म्हणून की पंचविशीत जबाबदाऱ्या कमी असतात म्हणून? घरून काम करण्याची सवय तर कोविडनंतर पन्नाशीतल्यांनाही लागली.

मग तक्रारी खोट्या का?

नाही. कामाचे तास ठरलेले असावेत, रात्री फोन येऊ नयेत, काम का करायचं ते सांगावं, या मागण्या तरुण उघडपणे करतात. पण लहान मूल असलेल्या आईला किंवा आजारी वडिलांना सांभाळणाऱ्या चाळिशीतल्या माणसालाही हेच हवं असतं. तो बोलत नाही, इतकंच. या मागण्यांवर ‘जेन झीचे लाड’ असा शिक्का बसला की बाकीच्यांच्या गरजा दिसेनाशा होतात.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. २०२४ मध्ये पुण्यात २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या अतिताणाबद्दल तिच्या आईने कंपनीला लिहिलेलं पत्र देशभर चर्चेत आलं. कामाच्या ताणामुळे मृत्यू झाल्याचं कंपनीने मान्य केलं नाही. पण पत्रातले प्रश्न कामाचा बोजा आणि वरिष्ठांच्या वागण्याबद्दलचे होते. ‘आजची मुलं नाजूक आहेत’ हे त्यांचं उत्तर होऊ शकत नाही.

पर्याय काय?

फ्रान्सने २०१७ पासून, तर ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा अधिकार दिला. तो जन्मसाल पाहून दिलेला नाही. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

कायद्याची वाट न पाहताही व्यवस्थापकांना बरंच करता येईल. ‘तातडीचं’ म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवता येईल. चूक झाली तर वार्षिक मूल्यमापनापर्यंत न थांबता त्याच आठवड्यात सांगता येईल. आणि कोणाला काय अडचण आहे, हे त्या माणसालाच विचारता येईल. त्यासाठी त्याचं जन्मसाल माहीत असण्याची गरज नाही.