तालुक्यात गुन्हे घटले, की नोंदी घटल्या?

दर जानेवारीत तालुक्याच्या पानावर एक ठरलेली बातमी येते. गेल्या वर्षाच्या तुलनेत गुन्ह्यांत घट, ठाणेदारांचे अभिनंदन, सोबत पुष्पगुच्छाचा फोटो. लोक ती बातमी वाचून सोडून देतात. कार्यकर्त्यांनी ती दोनदा वाचायला हवी, कारण त्या आकड्यात दिसते ते प्रामुख्याने ठाण्यात काय लिहिले गेले आणि काय लिहिलेच गेले नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोसुद्धा आपल्या वार्षिक अहवालात गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे स्पष्ट सांगतो.

छोट्या गावातल्या पोलीस ठाण्याचा दिवस सिनेमातल्यासारखा नसतो. समन्स-वॉरंट बजावणे, अकस्मात मृत्यूचा पंचनामा, पासपोर्टची पडताळणी, आठवडी बाजार, मिरवणूक, मंत्र्याचा दौरा, यात्रेचा बंदोबस्त यातच बरेचसे मनुष्यबळ खर्ची पडते. बीट अंमलदाराकडे अनेक गावे असतात. हे मान्य करूनच पुढे बोलू, कारण पोलिसांना सरसकट शिव्या देऊन आपल्या हाती काही लागत नाही.

आता आकडे कसे घडतात ते पाहू. दारू आणि जुगाराचे गुन्हे छापा टाकला की वाढतात आणि नाही टाकला की कमी होतात. मोबाईल चोरीला गेला तरी अर्जात अनेकदा 'गहाळ' लिहून घेतले जाते, म्हणजे चोरी झालीच नाही. ऑनलाइन फसवणुकीत 1930 वर फोन करून तक्रार क्रमांक मिळतो. माणसाला वाटते गुन्हा दाखल झाला, पण तो क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे.

आपल्या वस्तीच्या वाट्याला मात्र वेगळीच गंमत येते. जातीवाचक शिवीगाळ करून मारहाण झालेला माणूस ठाण्यात जातो आणि हातात एनसीचा कागद घेऊन बाहेर येतो. पूर्वी त्यावर 323, 504, 506 असायचे, आता भारतीय न्याय संहितेचे 115(2), 352, 351(2) असते. कलमांचे आकडे बदलले, कागद तोच राहिला. अदखलपात्र नोंद झाली की न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही. त्यातच समोरच्याकडून क्रॉस तक्रार येते, दोन्ही बाजूंवर प्रतिबंधक कारवाई होते आणि मार खाल्लेला व मारणारा एकाच रांगेत तहसीलच्या व्हरांड्यात उभे राहतात. वर्षअखेरीच्या तक्त्यात अ‍ॅट्रॉसिटीच्या रकान्यात शून्य, आणि तेच सलोख्याचे प्रमाणपत्र म्हणून मिरवले जाते.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने यात नवी अडचण आणली आहे. कलम 173(3) नुसार तीन ते सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकांच्या परवानगीने, एफआयआरपूर्वी 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. अ‍ॅट्रॉसिटीच्या कलम 3(1) खाली कमाल शिक्षा पाच वर्षे आहे. त्यामुळे 'आधी चौकशी करू, मग बघू' म्हणायला एक कायदेशीर वाटणारे कारण मिळते. पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम 18अ सांगते की एफआयआरसाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही, आणि कलम 20 मुळे हा कायदा इतर कायद्यांच्या वर ठरतो. हे 18अ फुकट मिळालेले नाही. 20 मार्च 2018 चा निकाल, त्यानंतर 2 एप्रिलचा भारत बंद आणि त्यात गेलेले जीव, मग ऑगस्टमधली दुरुस्ती असा तो इतिहास आहे. 10 फेब्रुवारी 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. ठाण्यात चौदा दिवस हा शब्द ऐकला की 18अ हा शब्द तिथेच उच्चारायचा.

चौदा दिवसांत काय होते हे वस्तीत राहणाऱ्याला सांगायला नको. ज्याच्या शेतात कामाला जायचे तोच समोरचा असतो. सरपंच येतात, तंटामुक्ती समितीचे सदस्य येतात, 'गावाची बदनामी' हा शब्द येतो. भांडण गावात मिटावे म्हणून 2007 मध्ये सुरू झालेली ती मोहीम. पण अ‍ॅट्रॉसिटी हा तडजोडीचा गुन्हाच नाही. शिवाय एफआयआर नसेल तर शासनाच्या अर्थसहाय्याचा पहिला हप्ताही नाही, म्हणजे मजुरी बुडालेल्या घराला टिकून राहायला आधारच उरत नाही.

फिर्याद लिहिताना आमच्या अनुभवात दोन ठिकाणी प्रकरण सैल होते. पहिले, घटना कुठे घडली आणि कोणासमोर घडली. शिवीगाळीच्या कलमाला 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशी जागा' लागते. रस्ता, पार, दुकान, तिथे हजर असलेली माणसे हे फिर्यादीतच यावे, पुरवणी जबाबावर सोडू नये. दुसरे, 'तुम्ही तर बौद्ध, मग अ‍ॅट्रॉसिटी कशी?' हा प्रश्न. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धांचा प्रश्न निकाली निघाला आहे. प्रमाणपत्र घरात तयार ठेवा.

फिर्याद वाचून दाखवणे, मगच सही घेणे आणि प्रत मोफत देणे हे बंधनकारक आहे. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवावाच लागतो, हे 2013 च्या ललिता कुमारी निकालातले तत्त्व. नकार मिळाला तर तोच मजकूर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोचपावती जपा. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकसेवकासाठी कलम 4 मध्ये सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे.

आणखी एक काम तरुण घरबसल्या करू शकतात. संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर दिसतात. आपल्या ठाण्याचे महिन्याचे एफआयआर उतरवून घ्या. मग माहितीच्या अधिकारात तीनच आकडे मागा: त्या वर्षात आलेले तक्रारी अर्ज, झालेल्या एनसी आणि नोंदवलेले अ‍ॅट्रॉसिटीचे गुन्हे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा घेणे नियमाने बंधनकारक आहे. तिच्या इतिवृत्ताची प्रतही माहितीच्या अधिकारात मागता येते.