आधी झाड, मग मशीन!

फायनल इयरच्या प्रोजेक्टची यादी लागली की 'कापूस वेचणी यंत्र' हमखास असतं. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर, पाईप, पाठीवर पिशवी. व्हायवात एक्स्टर्नल खूश, आणि मग यंत्र वर्कशॉपच्या कोपऱ्यात! सगळे मोटरला शिव्या देतात, माझ्या मते मात्र घोडं पऱ्हाटीच्या आकारापाशी अडलंय.

पऱ्हाटीला दोन प्रकारच्या फांद्या असतात. बुडाशी गळफांद्या, त्या खोडासारख्या वर चढतात, थेट बोंडं धरत नाहीत. वर फळफांद्या, त्या आडव्या, नागमोडी जातात आणि पेऱ्यापेऱ्यावर पाती धरतात. गळफांद्या जास्त असल्या की झाड पसरतं आणि बोंडं फुटणं लांबतं. म्हणून तर आपल्याकडे तीन-चार वेचे! अमेरिकेत रस्ट बंधूंनी १९३६ साली मिसिसिपीत मशीन दाखवलं, पण पुढे तिथे वाणही मशीनजोगते निवडले गेले: आटोपशीर आणि बोंडं साधारण एकदम फुटणारे. शिवाय वेचणीआधी औषध मारून पानं गाळतात.

आपण उलट दिशेने गेलो. १९७० साली सुरतला डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस दिला. अभिमानाचीच गोष्ट. पण संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यायचं, म्हणून झाडं लांब लांब लावायची, आणि मग प्रत्येक झाड मोठं हवं. २००२ मध्ये बीटी आलं तेही संकरित वाणांतच. ९० बाय ६० सेंटिमीटरवर हेक्टरी साधारण १८,५०० झाडं बसतात, ९० बाय १५ वर ७४,०००. दाट लावलं की झाडाला थोडी बोंडं असली तरी भागतं आणि पीक लवकर निघतं. लांबलेल्या पिकावर गुलाबी बोंडअळी पोसते. २०१७ साल विदर्भातल्या पोरांना सांगायला नको. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सघन लागवडीवर काम केलंय. पण सरळ वाणाचं बियाणं शेतकरी घरी राखू शकतो, मग कंपन्यांना त्यात रस कशाला असेल?

एक गोष्ट बोचते. वेचणी बायका करतात, किलोवर मजुरी. मशीन आलं की ती मजुरी जाणार. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तरी, ऑगस्टमध्ये पात्या लागलेल्या असतात. मेकॅनिकलवाल्यांनी कॅड उघडण्याआधी एका रविवारी शेतात जाऊन दहा झाडांची उंची, पसारा आणि पहिली फळफांदी जमिनीपासून किती वर आहे ते मोजावं. टेप मी देतो.