शेवटच्या घरातील दिवा आणि शासनाची जबाबदारी

तथागतांनी माणसाला स्वयंप्रकाशित होण्याचा मार्ग दाखविला. परंतु आपल्या विद्यालयात सायंकाळी अभ्यासाला बसणाऱ्या विद्यार्थ्याला त्या मार्गावर चालण्यासाठी डोक्यावर जळता दिवा, पोटात दोन घास आणि हातात पुस्तकही लागते. ज्याचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत आणि ज्याची संस्था लोकवर्गणीवर उभी आहे, त्याला हे सारे कोणी पुरवावे? 'शासनाने सगळेच का करावे?' असे विचारणे आज शहाणपणाचे लक्षण मानले जाते. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला याचे उत्तर इतिहासात शोधावेसे वाटते.

बाबासाहेबांना आपण संविधानाचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. मात्र १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते, हे आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच सांगितले जाते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीसमोर बोलताना त्यांनी विजेच्या मालकीचा प्रश्न उपस्थित केला : ती खाजगी असावी की शासनाची? स्वस्त आणि मुबलक विजेविना औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाविना दारिद्र्याच्या फेऱ्यातून जनतेची सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. त्याच वर्षी दामोदर नदीला महापूर आला. पुढे अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्रित विचार करणारी योजना त्यांच्या खात्याने पुढे नेली आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही १९४४ चीच. धरण, वीज आणि शिष्यवृत्ती ही एकाच विचाराची अंगे होती. ज्याच्याकडे भांडवल नाही, त्याच्यासाठी शासन हेच भांडवल होय.

याचा अर्थ शासनाने केले ते सारे न्याय्य ठरले, असे नव्हे. दामोदर खोऱ्यातील धरणांत आदिवासींच्या जमिनी गेल्या. कोयनेच्या विजेने महाराष्ट्र उजळला. पण तिच्या विस्थापितांचे पुनर्वसन दशकानुदशके रेंगाळले. विद्युतीकरणाची शासकीय व्याख्याही पाहावी. शाळा, पंचायत अशी सार्वजनिक ठिकाणे आणि किमान १० टक्के घरे यांत वीज पोहोचली, की ते गाव विद्युतीकृत गणले जाई. एप्रिल २०१८ मध्ये देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाल्याची घोषणा झाली, ती याच व्याख्येच्या आधारे. उरलेल्या घरांत कोणाची घरे असतात, हे गावकुसाबाहेर वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. २०१७ च्या सौभाग्य योजनेने गावाऐवजी घर मोजायला घेतले, हे म्हणूनच योग्य पाऊल होते.

आता तीच गोष्ट तंत्रज्ञानाच्या बाबतीत घडते आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरावा लागतो. आमच्या एका विद्यार्थ्याचा अर्ज गेल्या वर्षी तीन वेळा अर्धवट राहिला. आधारला जोडलेला मोबाइल वडिलांकडे, वडील कारखान्याच्या फडात. ओटीपी तिकडे येई आणि वडील तो वाचून सांगेपर्यंत त्याची मुदत संपे. चौथ्या दिवशी अर्ज गेला, कारण शेजारच्या खोपीतील एका मुलीने तो आकडा वाचून दाखविला. या व्यवस्थेत कोणी दुष्ट नव्हते. मात्र ती आखताना हा मुलगा कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

खाजगी कंपनी शेवटच्या घरापर्यंत तार ओढणार नाही, कारण तो व्यवहार तिला परवडत नाही. ज्या कामात नफा नाही आणि ज्यावाचून माणुसकी नाही, ते काम शासनाचेच. संविधानाचे एकोणचाळिसावे कलम भौतिक साधनसंपत्तीची वाटणी सर्वांच्या हिताची व्हावी असे राज्याला सांगते, ते याचसाठी. मात्र शासनाने हिशेब पहिल्या घरापासून न मांडता शेवटच्या घरापासून मांडला पाहिजे. गावात वीज आली का, हे पुरेसे नाही. वस्तीतील शेवटच्या घरात रात्री दहा वाजता दिवा जळतो का, हे विचारावे. संकेतस्थळ सुरू झाले का, हे पुरेसे नाही. फडातल्या मजुराच्या मुलाचा अर्ज पहिल्या प्रयत्नात जातो का, हे विचारावे.

या विद्यालयातून उद्या अभियंते, अधिकारी आणि शिक्षक घडतील. एखादी योजना आखताना, एखाद्या कागदावर सही करताना त्यांनी स्वतःला एवढेच विचारावे : माझ्या वस्तीतील शेवटचे घर यात मोजले गेले आहे काय? हा प्रश्न विचारणारी माणसे घडविली, तर या विद्यालयाचे श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.