ग्रोथ? कुणाची?

मंडळी, कंपनीत 'ग्रोथ इन्व्हेस्टर' आला की आपली आयटीवाली जनता लगेच हुरळते. जरा थांबा.

जनरल अटलांटिकचंच घ्या. ड्यूटी फ्री दुकानांवर गब्बर झालेल्या चक फीनींनी १९८० साली ती सुरू केली. या बाबानं ८ अब्ज डॉलरच्या वर दान केलं आणि म्हातारपणी भाड्याच्या घरात राहिला. माणूस थोरच! पण संस्थापक संत म्हणून धंदा संत होत नाही. धंदा सरळ आहे: वाढत्या कंपनीत हिस्सा घ्यायचा, भाव चढला की विकायचा.

२००२ साली त्यांनी पटनी कॉम्प्युटरमध्ये १० कोटी डॉलर घातले. नऊ वर्षं थांबले, हे मान्य. २०११ मध्ये पटनी बंधूंबरोबर त्यांनीही आपला हिस्सा आयगेटला विकला. आयगेट तर पटनीपेक्षा छोटी! तिनं एपॅक्सचे पैसे घेतले, वर ७७ कोटी डॉलरचे रोखे काढले. ते फेडायचे कुठून? कोड लिहिणाऱ्यांच्या बिलिंगमधूनच ना? २०१५ मध्ये कॅपजेमिनीनं ४ अब्ज डॉलरला अख्खी आयगेटच घेतली. आज दोन्ही पाट्या उतरल्यात.

यात बेकायदेशीर काहीच नाही. पण 'ग्रोथ' हा शब्द ऐकलात की तीन प्रश्न विचारा. पैसा कंपनीत येतोय की जुन्या भागधारकांच्या खिशात? जाताना हे कुणाला विकणार? आणि घेणाऱ्याचं कर्ज कुणाच्या डोक्यावर?

उत्तरं मिळाली, तर खुशाल टाळ्या वाजवा.