उलटी थांबली म्हणजे विष उतरलं असं नाही

पावसाळा सरत आला की आपल्या राज्यात एक बातमी हमखास येते, गावाचं नाव तेवढं बदलतं. "चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्याने विद्यार्थ्यांना विषबाधा." कधी मराठवाडा, कधी खानदेश, कधी आपलं वऱ्हाड. खाली चार ओळी: मळमळ, उलट्या, दवाखान्यात दाखल, प्रकृती स्थिर. सोबत सलाइन लावलेल्या लेकरांचा फोटो आणि एखाद्या पुढाऱ्याची भेट. दुसऱ्या दिवशी विषय संपला.

मंडळी, पोस्ट लांब आहे, पण घरात लहान लेकरू असेल तर पूर्ण वाचा. मला दोन गोष्टी बोलायच्या आहेत. ते झाड शाळेच्या कुंपणाला आलं कुठून, ही एक. दुसरी जास्त महत्त्वाची. ज्या झाडानं गावभर गोंधळ उडतो, त्यानं सहसा जीव जात नाही. ज्यानं जातो, त्याचा गोंधळच होत नाही.

आधी चंद्रज्योत. कोणी मोगली एरंड म्हणतं, कोणी रतनज्योत. ढोरं तोंड लावत नाहीत म्हणून धुऱ्यावर, कुंपणाला लावायची पद्धत जुनीच. पण २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं पडीक जमिनीवर हे झाड लावून बायोडिझेल काढायचं ठरवलं. राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनीही त्याचा आग्रह धरला. पुढे २००९ च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य आलं. रोपं वाटली गेली. बांधावर, रस्त्याकडेला, सरकारी जागेवर लागली. २०१७ येऊन गेलं, पंपावरच्या डिझेलमध्ये चंद्रज्योत काही दिसली नाही. योजना कागदावर बंद होते हो, झाड कोण उपटणार?

फळ हिरवं, गुळगुळीत, सुपारीएवढं. पिकलं की पिवळं, मग काळं. आत बहुतेक वेळा तीन काळ्या बिया. बी फोडली की पांढरा गर, चव थेट भुईमुगाच्या दाण्यासारखी. विष म्हणजे कडू, हा आपला समज इथेच मार खातो. एका पोट्ट्यानं खाल्ली, गोड लागली, की आख्खा वर्ग खातो. म्हणून एकदम वीस-तीस लेकरं दवाखान्यात. अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत घशात जळजळ, पोटात मुरडा, उलट्या, जुलाब. मोठा धोका अंगातलं पाणी कमी होण्याचा, लहान लेकरांना जास्त. वेळेवर सलाइन मिळालं तर बहुतेक मुलं एक-दोन दिवसांत घरी येतात. घाबरायचं कमी, पण दवाखान्यात न्यायचंच.

आता कण्हेर. पिवळ्या कण्हेरीला काही जण बिट्टी म्हणतात. मंदिराचं आवार, अंगण, शाळेची बाग, सगळीकडे आहे. लाल-गुलाबी कण्हेर हायवेच्या दुभाजकावर. पाणी फार लागत नाही, जनावर खात नाही, फूल बारमाही. लावणाऱ्याची पूर्ण सोय! दोन्ही झाडांचं पान, साल, मूळ, बी सगळंच विषारी, आणि मार थेट हृदयावर. सुरुवातीला एखाद-दोन उलट्या, पोटदुखी, चक्कर. कोणाला अंधुक दिसतं, कोणाला पिवळसर. मग नाडी मंद होते, ठोके चुकायला लागतात. हे काही तासांनी होतं, कधी दुसऱ्या दिवशीही.

आपल्या घरात काय होतं? पोरीला दोन उलट्या झाल्या. आजी म्हणते पित्त झालं, लिंबू-सरबत द्या. उलटी थांबते, पोरगी गप पडून राहते, घर निश्चिंत. खरं तर या लेकराचा ईसीजी निघायला पाहिजे आणि किमान एक दिवस डॉक्टरच्या नजरेखाली राहायला पाहिजे. वीस लेकरं ओकली की सरपंचापासून आमदारापर्यंत सगळे धावतात. एकटं लेकरू अंगणात पिवळ्या कण्हेरीचं फळ चघळून आलं तर कोणी विचारतसुद्धा नाही, बाळा काय खाल्लं?

मोठ्या माणसाच्या बाबतीत अजून एक अडचण. घरचे लाजेपोटी, पोलिसांच्या भीतीपोटी डॉक्टरला खरं सांगत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असं पाऊल उचलणारा माणूस ताणाखाली होता असंच मानलं जातं, त्याला गुन्हेगार धरायचं नाही. खरं सांगा. लपवलेल्या नावात वेळ जातो आणि वेळेत माणूस.

धोतऱ्याची गंमत वेगळीच. म्हणजे गंमत नाहीच. उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला उगवतो, काटेरी बोंड, महाशिवरात्रीला महादेवाला वाहतो तोच. तो पोटात गेला की तोंड ठणठणीत कोरडं, अंग तापलेलं पण घाम नाही, चेहरा लाल, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, लघवी अडलेली, छातीत धडधड. मग बडबड सुरू होते. हवेत काहीतरी धरल्यासारखं करणं, समोर नसलेल्या माणसाशी बोलणं. याला गावात काय म्हणतात तुम्हाला माहीत आहे. "याला बाहेरचं लागलं." आणि गाडी दवाखान्याऐवजी भगताकडे वळते. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे. तो कागदावर वाचण्यापेक्षा अशा वेळी आठवला तर बरं.

यात आपल्या भागापुरती एक जास्तीची भानगड आहे. आपला मुलूख कपाशी-सोयाबीनचा. विषबाधेचा पेशंट आला की पहिला संशय फवारणीच्या औषधाचा, आणि तो योग्यच. बऱ्याच फवारणीच्या औषधांत लाळ गळते, घाम सुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. त्यावर ॲट्रोपिन देतात. धोतऱ्यात असलेल्या विषांपैकी एक म्हणजे हेच ॲट्रोपिन! एकाचा इलाज तेच दुसऱ्याचं विष. डॉक्टर बाहुल्या बघून ओळखतो, मान्य. पण रात्रीची वेळ, डॉक्टर एकटा, सोबत आलेले दहा जण दहा गोष्टी सांगतायत. अशा वेळी खिशातून ते काटेरी बोंड काढून टेबलावर ठेवणारा माणूस लाख मोलाचा. बोंड असो, पान असो, शेंग असो, जे खाल्लं त्याचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या. नाहीच जमलं तर मोबाइलवर फोटो. किती वाजता खाल्लं, साधारण किती खाल्लं, हे सांगा.

बाकीची थोडक्यात. गुंज, सोनार ज्यानं सोनं तोलायचे ती लाल-काळी बी: साल कडक, अख्खी गिळली तर बऱ्याचदा तशीच बाहेर पडते. चावली, किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली, तर धोका मोठा, आणि त्रास उशिरा सुरू होतो. जत्रेतल्या गुंजांच्या माळा लेकरांच्या गळ्यात घालू नका. कळलावी पावसाळ्यात घाटात फुलते, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फूल. तिचा कंद रताळं समजून कोणी उकडू नये. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ करणाऱ्यांनी तो चीक डोळ्याला लागू देऊ नये. लागला तर कधी फार दुखत नाही, पण दिसायला धूसर होतं. वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं. आणि ज्याला आपण विषारीत मोजतच नाही ते गाजरगवत. १९५५ मध्ये पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, आज वावरात पाय ठेवायला जागा नाही. निंदणाऱ्या बायांच्या मानेवर, कोपराच्या खोबणीत जी खाज वर्षानुवर्षे जात नाही, तिच्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

घरगुती उपायांबद्दल स्पष्ट बोलतो, राग आला तरी चालेल. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं बंद करा. लहान लेकराच्या रक्तात मीठ वाढून तेच जिवावर बेततं. शेणाचं पाणी, तूप, दूध, काही नको. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाण्याचा घोटसुद्धा नको, कुशीवर झोपवा. जुन्या बायांना झाडं ओळखता यायची, ते ज्ञान सोन्यासारखं आहे आणि ते शिकून घ्यायला पाहिजे. त्यांचे उतारे मात्र सोन्यासारखे नव्हते.

काही जण आता कुऱ्हाड घेऊन निघतील. थांबा. कण्हेर, धोतरा, रुई हे सगळं तोडून टाका असं माझं म्हणणं नाही. ती झाडं गावात राहतील, लेकरांना ओळखता आली म्हणजे झालं. वर्गात केळीचं पान नि आंब्याचं पान दाखवतो तसंच धोतऱ्याचं बोंडही दाखवावं, लांबून, नाव सांगून. चंद्रज्योत मात्र शाळा आणि अंगणवाडीच्या कुंपणावर नकोच. ती नुसती छाटू नका, फांदी पडते तिथे पुन्हा फुटते. मुळासकट काढायची, त्या जागी मेंदी लावायची.

हे आधीच का करायचं? आपल्या जिल्ह्यातल्या दवाखान्यांची ताकद आपण पाहिलेली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात सप्ताहाच्या प्रसादातून विषबाधा झाली. बिबीच्या रुग्णालयाबाहेर झाडांना दोर बांधून त्याला सलाइन लटकवल्याचे फोटो देशभर गेले. तिथे कारण भगरीचं होतं, झाडपाल्याचं नव्हतं. पण खाटा तेवढ्याच आहेत.

रोहिणखेड काय, घाटाखालचं कुठलंही गाव काय, येत्या ग्रामसभेत एका ओळीचा ठराव होऊ शकतो: शाळा व अंगणवाडीच्या आवारातील चंद्रज्योत मुळासकट काढणे. निधी लागत नाही, मंजुरीला मुंबईला जावं लागत नाही. चार माणसं, दोन टिकाव, एक दिवस. हातमोजे घाला, चीक अंगाला लागतो. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्यापैकी बरेच जण आहेत, त्यांनी विषय पत्रिकेवर घ्यावा. सचिव "वरून आदेश नाही" म्हणाले तर तेवढं लेखी मागून घ्या, मी छापतो.

तोपर्यंत मोबाइलमध्ये दोन नंबर टाकून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८. आणि दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र, १८०० ११६ ११७, चोवीस तास, फोन मोफत. हा दुसरा नंबर डॉक्टरलाही उपयोगाचा आहे, गरज पडली तर त्यांना सांगा.